नीतीनं खायचं, पण घर उपाशी ठेवून नाही

खाण्याच्या बाबतीत नीतीचा विचार करायला लागलं की प्रश्न एकेकटे येत नाहीत. प्राण्यांचे हाल, हवामान, शेतात राबणाऱ्यांची मजुरी, जमीन, पाणी, समुद्रातली मासळी, सगळं एकदम अंगावर येतं. आणि त्याच वेळी घरातली भुकेली माणसं ‘जेवायला काय आहे?’ म्हणून विचारत असतात.

बरेच जण सुरुवात लेबलांपासून करतात: सेंद्रिय, फेअरट्रेड (शेतकऱ्याला रास्त भाव), पिंजरामुक्त अंडी. खर्च भराभर वाढतो, घरचे वैतागतात आणि थोड्याच दिवसांत सगळंच बारगळतं. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. ज्या बदलांबद्दल हे सगळे प्रश्न एकच उत्तर देतात आणि ज्यांनी पोटही कमी पैशात भरतं, ते बदल आधी करावेत. असे बदल दोनच आहेत: कडधान्यं वाढवणं आणि अन्न वाया जाऊ न देणं. बाकी जवळपास प्रत्येक निवडीत एक प्रश्न दुसऱ्याच्या आड येतो.

हे आड येणं नेमकं कसं असतं ते बघा. २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पूअर आणि नेमेचेक या दोन संशोधकांचा अभ्यास आला. त्यात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती होती. १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात याची सरासरी त्यांनी काढली. खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या मांसाला सुमारे ५० किलो, मेंढी-बकरीच्या मांसाला २०, चीजला ११, डुकराच्या मांसाला साडेसात, कोंबडीला पावणेसहा, अंड्यांना सव्वाचार. कडधान्यांना एक किलोपेक्षा कमी.

आता समजा घरानं हवामानाचा विचार करून गुरांचं मांस सोडलं आणि कोंबडी धरली. वायू कितीतरी कमी झाले. पण एका मोठ्या गुरापासून दोनशे किलोच्या वर मांस मिळतं, आणि तेवढंच मांस कोंबडीचं हवं असेल तर शंभराहून जास्त कोंबड्या लागतात. त्या बहुतेक दाटीवाटीच्या शेडमध्ये वाढतात आणि सहा आठवड्यांच्या आसपास कापल्या जातात. म्हणजे हवामानाचा प्रश्न हलका झाला आणि प्राण्यांचा जड झाला. दुसऱ्या घरानं कोंबडी सोडून तिची जागा चीजला दिली, तर वायू जवळजवळ दुप्पट होतात. मांसाच्या जागी कडधान्य आलं की मात्र दोन्ही बाजूंनी भार उतरतो. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, त्यामुळे नत्रखत कमी लागतं.

आधी वजनं लिहून काढा

एका आठवड्यात घरात आलेलं सगळं वजनासकट लिहा. धान्य इतके किलो, दूध इतके लिटर, अंडी इतकी, मांस, मासे, तेल, भाज्या, फळं, गोड पदार्थ. पैसे लिहिण्याची गरज नाही, वजन पुरे. बहुतेक घरांत पाच-सहा वस्तूच यादीचा मोठा भाग व्यापतात, आणि डोक्याला ताप मात्र महिन्यातून एकदा येणाऱ्या शंभर ग्रॅम वस्तूचा असतो. रोज दोन लिटर दूध लागणाऱ्या घरात अर्धा लिटर कमी होणं हे महिन्याला पंधरा लिटर होतं. महिन्याच्या एका चॉकलेटच्या कागदावर काय छापलंय याचा तेवढा परिणाम होत नाही.

वजन हा एकमेव निकष मात्र नाही. काही वस्तू थोड्या लागतात, पण त्यांच्या प्रत्येक किलोमागे दडलेलं नुकसान मोठं असतं. कोको त्यातलाच, त्याच्याकडे पुढे येऊच. दोन रकाने करा: आठवड्याला किती लागतं आणि किलोमागे नुकसान किती. दोन्हीकडे मोठं दिसेल त्याला आधी हात घाला.

प्रथिनांचा हिशेब

मांस कमी करायचं म्हटलं की पहिली भीती प्रथिनांची. ती आकडे मांडून घालवावी, नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांनी प्रौढासाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन धरलं आहे. शाळेच्या वयातल्या मुलांना साधारण ०.९ धरा. ६० आणि ६५ किलोचे दोन मोठे आणि ३० व ५० किलोची दोन मुलं असं घर घेतलं, तर मोठ्यांचे १०४ आणि मुलांचे ७२ मिळून १७६ ग्रॅम होतात. वनस्पतींची प्रथिनं थोडी कमी पचतात म्हणून २०० ग्रॅम धरू.

या घरात दिवसाला १२०० ग्रॅम कोरडं धान्य लागत असेल तर त्यातूनच सुमारे १२० ग्रॅम प्रथिन मिळतं. ३०० ग्रॅम कोरड्या कडधान्यातून ६५ च्या आसपास, १०० ग्रॅम शेंगदाण्यातून २५. बेरीज २१० वर गेली, आणि दूध-अंडी अजून मोजलेलीच नाहीत. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी असतं आणि ते कडधान्यात भरपूर असतं, म्हणून दोन्ही मिळून काम भागतं. एकाच घासात दोन्ही असायला हवीत असं नाही, दिवसभरात पोटात गेली तरी चालतात.

मग जेवून तासाभरात मुलं ‘भूक लागली’ का म्हणतात? कारण कमी पडलेली असते ती ऊर्जा. शिजलेल्या १०० ग्रॅम कडधान्यात १२० ते १४० कॅलरी असतात, तर तेवढ्याच चरबीयुक्त खिम्यात अडीचशेच्या घरात. वजनाला वजन अशी अदलाबदल केली की ताट तेवढंच दिसतं आणि ऊर्जा निम्मी होते. उपाय सोपा आहे. माणशी एक मोठा चमचा तेल वाढलं की १२० कॅलरी भरून निघतात. मूठभर शेंगदाणे किंवा तीळ, पाण्याऐवजी घट्टसर रस्सा, आणि धान्याचा वाटा थोडा जास्त. वाढत्या वयातल्या मुलाला दुसऱ्यांदा वाढायला पातेल्यात उरलेलंच नसेल, तर ती चूक मापाची आहे. त्या पदार्थाला नावं ठेवू नयेत.

लहानग्यांच्या बाबतीत उलट अडचण येते. त्यांचं पोट लहान आणि कडधान्यात तंतू भरपूर, त्यामुळे पुरेशी ऊर्जा जाण्याआधीच पोट भरतं. दोन वर्षांखालच्या मुलाला सालं काढलेली डाळ, मऊ घोटून, वरून चमचाभर तेल किंवा तूप घालून, थोडी थोडी आणि जास्त वेळा द्यावी. इथे माझं मत ठाम आहे: इतक्या लहान मुलाच्या ताटावर प्रयोग करू नयेत. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी यांपैकी काहीतरी रोज मिळावं असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची मार्गदर्शक सूचना सांगते. ज्या घरात हे खात नाहीत त्यांनी मुलाच्या डॉक्टरांशी बोलून लोह आणि बी-१२ ची सोय आधी करावी, वगळायचं काय ते मग ठरवावं.

बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. आंबवलेले पदार्थ किंवा समुद्री शेवाळ यांवर विसंबू नका. प्रौढाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला थोडं जास्त. एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळतो, पाव लिटर दुधातून एकाच्या आसपास. दूध-अंडीही बंद करणार असाल तर बी-१२ घातलेलं अन्न किंवा गोळी लागतेच. लोहाचं गणित वेगळं आहे. कडधान्यात लोह भरपूर असतं, पण शरीरात शोषलं जातं थोडंच. त्याच जेवणात लिंबू, टोमॅटो, ढोबळी मिरची किंवा संत्र्यासारखं सी जीवनसत्त्वाचं काहीतरी असलं तर शोषण चांगलंच वाढतं. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर घटतं, म्हणून तासाभराचं अंतर ठेवा.

एक मोठं पातेलं, नीट शिजवलेलं

कडधान्यं घरात टिकत नाहीत त्याचं मोठं कारण म्हणजे ती वाईट शिजतात. अर्धवट कडक दाणा, फुटून लोंबणारी सालं, पोटात गुबारा. एवढं झालं की घरचे म्हणतात, नको ते. म्हणून हे काम बारकाईनं.

एक किलो कोरडे दाणे घ्या. राजमा, चवळी, हरभरा, काहीही. खडे आणि किडके दाणे निवडून टाका. तीन लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठ ते बारा तास भिजवा. मीठ घातलं की दाणे कडक राहतात असा समज पक्का बसला आहे, पण भिजवताना नेमकं उलट होतं. सालीला घट्टपणा देणाऱ्या पेक्टिन या द्रव्याला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमनं घट्ट धरून ठेवलेलं असतं. मिठातला सोडियम त्यांची जागा घेतो आणि साल मऊ पडते, त्यामुळे ती फुटतही नाही. उन्हाळ्याच्या दिवसांत भिजवणीला फेस येऊन आंबूस वास सुटतो, तेव्हा भांडं फ्रीजमध्ये ठेवा किंवा मधे एकदा पाणी बदला.

भिजवणीचं पाणी ओतून द्या, दाणे दोनदा धुवा. गुबारा धरणाऱ्या शर्करांपैकी काही त्या पाण्याबरोबर निघून जातात. मग नवं पाणी, दाण्यांवर दोन-तीन सेंटीमीटर येईल इतकं. राजमा असेल तर इथे एक पायरी चुकवायची नाही: खळखळ उकळी येऊ द्या आणि निदान दहा मिनिटं तशीच ठेवा. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरतात, आणि त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात (स्लो कुकरमध्ये) राजमा थेट घालणं धोक्याचं आहे, कारण तिथलं तापमान उकळीपर्यंत जाईलच असं नसतं आणि नुसतं कोमट-गरम राहिलं तर विषारीपणा उलट वाढतो. उकळून घेतल्यावर मग त्या भांड्यात घालायला हरकत नाही.

उकळीनंतर आच मंद करा. दाण्याच्या जातीनुसार पाऊण ते दीड तास. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर भिजलेल्या दाण्यांना दहा ते पंधरा मिनिटं पुरतात, आणि दाब आपोआप उतरू द्यायचा. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका, फेस वर येऊन वाफेचं छिद्र बुजतं. टोमॅटो, चिंच, लिंबू, व्हिनेगर हे सगळं दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबट पाण्यात पेक्टिन विरघळत नाही आणि दाणा तासन्‌तास तसाच राहतो. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. एवढं करूनही दाणा मऊ पडत नसेल तर माल जुना आहे, किंवा दमट गरम जागी पडून होता. तो नुसता उकळत राहण्यात इंधन घालवू नका. कुकरला आणखी पंधरा मिनिटं लावा आणि घोटून सूप करा.

शिजलं का हे एका दाण्यावरून ठरवू नये. पातेल्यातून वेगवेगळ्या जागचे पाच दाणे काढा आणि जीभ-टाळूमध्ये दाबा. पाचही चिरडले गेले पाहिजेत.

एक किलोचे सव्वादोन ते अडीच किलो होतात. ताजं लागेल तेवढं काढून बाकीचं उथळ भांड्यांत पसरा, म्हणजे लवकर निवतं, आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये घाला. तिथे तीन-चार दिवस टिकतं. उरलेलं चारशे-पाचशे ग्रॅमच्या चपट्या पाकिटांत, थोड्या शिजवणीच्या पाण्यासह, वर दोन सेंटीमीटर मोकळं ठेवून गोठवा. पाकीट चपटं असलं तर वीस मिनिटं पाण्यात ठेवून सुटतं. दमून घरी आल्यावर हे पाकीट हाताशी असणं फार मोलाचं आहे. बाहेरचं मागवण्याचा मोह त्याच वेळी होतो.

ज्यांना सवय नाही त्यांना एकदम वाडगाभर वाढू नका. दोन-तीन मोठे चमचे, एक दिवसाआड, दोन आठवडे. आतड्यातले जिवाणू सरावले की गुबारा बहुतेकांचा कमी होतो. खिम्याच्या पदार्थात बदल करायचा तर पहिल्यांदा एक तृतीयांशच: अर्ध्या किलो खिम्याऐवजी ३५० ग्रॅम खिमा आणि १५० ग्रॅम शिजलेला अख्खा मसूर, त्यासाठी कोरडा साठ-पासष्ट ग्रॅम लागतो. मसूर आधी वेगळा तेलात परतून त्यातलं पाणी आटवा. ही पायरी गाळली की पदार्थ पचपचीत होतो आणि दोष मसुराला लागतो. मीठ थोडं वाढवा, टोमॅटोची घट्ट पेस्ट किंवा परतलेले मशरूम घाला. घरच्यांनी कुरकुर न करता खाल्लं की निम्म्यावर जा.

दोन स्वयंपाक करू नका, त्यानं करणारा माणूस मोडतो. मूळ पातेलं सगळ्यांना चालेल असं करा आणि अंडं, मांस, चीज बाजूच्या वाडग्यात ठेवा. ज्याला हवं तो वरून घेईल. असं ठेवलं की प्राणिजन्य वस्तू वाद न होता कमी लागते. मुलांना नवी चव दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, तेव्हा कुठे ती ओळखीची होते. पहिल्या नकारावर पदार्थ बंद करू नका, आणि ताटावर कत्तलखान्याचं वर्णनही करू नका.

वाया जाणारं

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न दुकानं, खाणावळी आणि घरं मिळून वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांतून. माणशी वर्षाला ७९ किलो नुसतं घरातलं. टाकून दिलेल्या अन्नामागे जनावर मेलेलंच असतं, पाणी लागलेलंच असतं, मजूर राबलेलाच असतो. म्हणून मला वाटतं, फेकलेल्या ‘नैतिक’ भाजीपेक्षा संपवलेली साधी भाजी चांगली.

कचऱ्याशेजारी झाकणाचा डबा ठेवा, टाकायचं खाण्यालायक अन्न आठवडाभर त्यात टाका आणि रोज वजन लिहा. भुकेल्या घरात साधारण चारच गोष्टी निघतात: सडलेली पालेभाजी, वाळलेला ब्रेड, उरलेला भात आणि मुलांच्या ताटातलं. पालेभाजी पाण्याच्या थेंबांमुळे सडते. धुतली तर पूर्ण कोरडी करा आणि सुक्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. सफरचंद, पिकलेली केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात, त्यांच्याजवळ पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते. कांदे आणि बटाटे वेगवेगळे, बटाटे अंधारात. हिरव्या पडलेल्या बटाट्याचा हिरवा भाग खायचा नाही, आणि पूर्ण हिरवा किंवा कडू लागला तर तो टाकलेलाच बरा. ब्रेड फ्रीजमध्ये बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, म्हणून एक तर बाहेर ठेवा, नाही तर काप करून गोठवा.

भाताला मात्र वेगळा नियम. त्यातल्या बॅसिलस सिरियस जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तासाभरात निववून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात वाचवण्यात पुण्य नाही. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती चवीची आणि दर्जाची तारीख असते, त्यानंतर वास-चव बघून वापरता येतं. ‘यूज बाय’ ही सुरक्षिततेची तारीख, ती ओलांडू नये.

मुलांच्या ताटातल्या उरल्यासुरल्याला ‘ताट रिकामं कर’ हा उपाय नाही. भूक संपल्यावर बळंच खायला लावलं तर अन्न वाचत नाही, फक्त मुलाच्या पोटात वाया जातं. पहिल्यांदा कमी वाढा आणि मागितलं की लगेच दुसऱ्यांदा वाढा, एवढंच.

लेबलं, आणि पैसे कुठे घालायचे

आता पैसा. चांगल्या वस्तूसाठी जास्त पैसे घालायचे तर ते संख्या कमी करून काढावेत. चांगल्या पद्धतीच्या अंड्याला दीडपट पैसे पडत असतील, तर दोन तृतीयांश अंडी तेवढ्याच पैशात येतात. दुप्पट पडत असतील तर निम्मी. उरलेली जागा कडधान्यानं भरून काढली की खर्च उलट थोडा उतरतो.

अंड्यांचे शब्द नीट वाचा. युरोपीय संघातल्या जुन्या पद्धतीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला निदान साडेपाचशे चौरस सेंटीमीटर जागा असायची, ए-४ कागदापेक्षाही कमी. ‘पिंजरामुक्त’ म्हणजे पिंजरा नाही इतकंच, शेडमध्ये गर्दी असू शकते आणि बाहेरची हवा मिळेलच असं नाही. ‘फ्री रेंज’मध्ये बाहेर जाण्याची वाट असते. युरोपीय संघात अंड्याच्या कवचावरच आकडा छापतात: ० सेंद्रिय, १ फ्री रेंज, २ शेड, ३ पिंजरा. ‘नैसर्गिक’ किंवा ‘शेतातलं ताजं’ या शब्दांनी कोंबडी कशी राहिली ते कळत नाही. यांतलं कुठलंही लेबल अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं उबवणीनंतर मारण्याचा प्रश्न आपोआप सोडवत नाही. त्यासाठी वेगळा उल्लेख शोधावा लागतो.

कोकोचं बारकाईनं सांगतो. जगातला सुमारे निम्मा कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. २०२० मध्ये आलेल्या शिकागो विद्यापीठाशी संलग्न ‘एनओआरसी’ संस्थेच्या अहवालानं तिथल्या कोको शेतीत सुमारे १५.६ लाख मुलं बालमजुरीत असल्याचा अंदाज दिला. लेबल बघताना तीन प्रश्न विचारा: कशाची तपासणी होते, कोण करतं, आणि पाकिटातला माल तोच आहे का. तिसरा प्रश्न बरेचदा राहून जातो. ‘मास बॅलन्स’ पद्धतीत प्रमाणित आणि अप्रमाणित कोको कारखान्यात एकत्र मिसळतो, फक्त हिशेब जुळवला जातो. तुमच्या हातातल्या वडीत प्रमाणित दाणा असेलच असं नाही, पण तेवढ्या प्रमाणित मालाची खरेदी झालेली असते. फेअरट्रेडमध्ये किमान भाव आणि त्यावर शेतकरी गटासाठी वेगळी रक्कम असते, म्हणून शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या दृष्टीनं मी ते चिन्ह वरचं मानतो. कॉफी आणि केळ्यांनाही हाच निकष लावा. चॉकलेट घरात थोडंच येतं, त्यामुळे इथे जास्तीचे पैसे घालणं झेपतं.

पाम तेलावर सरसकट बहिष्कार मला पटत नाही. ते हेक्टरी सोयाबीन तेलाच्या कितीतरी पट निघतं, म्हणून त्याच्या जागी दुसरं तेल आलं तर जमीन जास्त लागते. जंगल तोडून लावलेलं पाम नको हे खरं आहे. पण पाम बहुतेक बिस्किटं आणि तयार खाऊतून येतं, तेव्हा तो खाऊ कमी करणं हाच सरळ मार्ग.

‘स्थानिक’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. अन्नामुळे होणाऱ्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे सहा टक्के आहे. जहाजानं आलेल्या कोरड्या डाळीनं फार बिघडत नाही. विमानानं आलेला माल मात्र खरंच जड पडतो, एका टनामागे प्रत्येक किलोमीटरला जहाजाच्या जवळपास पन्नास पट. लवकर नासणारी आणि लांबून आलेली वस्तू, म्हणजे मोसम नसतानाची बेरी, शतावरीचे कोवळे कोंब किंवा ताजी मासळी, विमानानं आली असण्याची शक्यता धरा.

मासे खाणाऱ्या घरानं एवढं लक्षात ठेवावं: जगातल्या तपासलेल्या मासळीच्या साठ्यांपैकी ३७.७ टक्के साठ्यांतून २०२१ मध्ये क्षमतेपलीकडे मासेमारी होत होती, असं अन्न आणि कृषी संघटनेचा २०२४ चा अहवाल सांगतो. १९७४ मध्ये हे प्रमाण दहा टक्के होतं. लहान, थव्यानं फिरणारे, लवकर वाढणारे मासे आणि शिंपले हे साधारणपणे मोठ्या शिकारी माशांपेक्षा बरे. शिंपल्यांना वाढवताना खाद्यही घालावं लागत नाही. मात्र साठ्याची स्थिती जातीप्रमाणे आणि समुद्राप्रमाणे बदलते, त्यामुळे नाव आणि कुठून आला हे दोन्ही विचारा.

पैसे कमी पडले की काय सोडायचं याचा क्रम आधीच ठरवून ठेवा, तंगीच्या दिवशी डोकं चालत नाही. पहिल्यांदा धान्य आणि भाज्यांवरचं सेंद्रिय लेबल सोडावं. सेंद्रिय शेतीत रासायनिक कीटकनाशकं टळतात, पण हेक्टरी पीक साधारणपणे कमी येतं, म्हणून हवामानाच्या दृष्टीनं ते नेहमीच वरचढ नसतं. मग तयार खाऊ सोडावा. त्यानंतर महागडी अंडी, म्हणजे आधी त्यांची संख्या, आणि अगदीच भागत नसेल तर प्रकार. मुलांच्या वाट्याचं दूध-अंडं, बी-१२ ची गोळी आणि कडधान्यं शेवटपर्यंत ठेवायची.

आणि अन्न दान म्हणून किंवा अन्नपेढीतून येत असेल तर मिळेल ते घ्या, मांस असलं तरी. त्या अन्नाची खरेदी आधीच झालेली असते, तुमच्या खाण्यानं नवी मागणी जवळपास तयार होत नाही, आणि न घेतलं तर ते बहुतेक वेळा फेकलं जातं. घेताना ‘यूज बाय’ तारीख बघा, मांस त्याच दिवशी शिजवा किंवा तारखेच्या आत उणे १८ अंशाला गोठवा, आणि पाकिटावर गोठवल्याचा दिवस लिहा.